सडकेवरचा लाल गोटा

"तुमच्या घरचा गोटाच नाई राह्यला, तं जागा कायची मांगून राह्यला बे?" अजय म्हणाला अन् रेतीत थुकला. "गोटा दाखव. नाई दाखवत तं बाजूले सरक."

"तोंड सांभाळ," प्रणित म्हणाला.

"तोंड सांभाळून काय करू? खेकडे का तोंड पाहून येतात?"

"तुहा बाप पैदा नव्हता झाला तवापासून या डोहात आमचा दोर हाये."

"दोर असंन ना. गोटा कुठी हाये? रेतीच्या ट्रकात गेला गोटा. चामोर्शीत कोणाच्या तरी स्लॅबमंधी बसला असंन आता. तू असं कर, त्या स्लॅबवर जाऊन बस अन् तिथूनच खेकडे धर."

घाटावर पाच-सात ढिवर जाळे झाडत बसले होते. सारे हसले. अजय बोलला ते प्रणितले एवढं नाई लागलं, लोकं हसले ते लागलं.

प्रणितचं पह्यलेपासून असंच. सतरा वर्षाचं पोरगं, अंगात एक मिनिट दम नाई. नववीत मास्तरानं कान पिळला, तं यानं डस्टर उचलून मास्तरच्या कपाळावर हाणलं अन् दप्तर तिथीच टाकून घरी आला. डोळे मात्र घारीवानी. पाण्यावरचा डबा बोटभर सरकला तरी त्याले काठावरून दिसे. साऱ्यांच्या आधी त्याले दिसे, अन् साऱ्यांच्या आधी त्याचाच हात सुटे.

हात सुटला. अजयच्या नाकावर बसला. अजय बावीस वर्षाचा गडी, डोंगा ढकलून खांदे भरलेले. त्यानं डोंग्यातला बांबू उचलला अन् प्रणितच्या गळ्याखालच्या हाडावर असा घातला का प्रणितच्या डोळ्यापुढं पांढरं झालं. तो खाली पडला. पडल्या पडल्या मूठभर रेती अजयच्या डोळ्यात फेकली, उठला, अन् अजयच्या दंडाले दातानं धरलं. सोडलंच नाई. अजय त्याच्या डोक्यात बुक्क्या हाणून राह्यला, हा दात रोवून राह्यला. तोंडात रगत आलं तरी सोडेना.

मंग मीराबाईनं खेकड्यासाठी आणलेल्या कोंबडीच्या आतड्याच्या पाण्याची बादली दोघायच्या अंगावर ओतली.

"कुत्रे असेच सोडवा लागते," बाई म्हणाली.

मीराबाईचा नवरा नदीनं नेला होता, तवापासून तिनं एकटीनं डोंगा हाकला होता. आता डोंगा हाकत नव्हती, पण घाटावर गोट्याचं भांडण झालं तं निवाडा तिचा.

गोट्याचं भांडण म्हणजे असं. पावसाळा सरला, वैनगंगेचं पाणी निवळलं, का एकेक घर आपले दोन गोटे डोहात सोडते. दोन गोट्यांच्या मंधात लांब दोर ताणलेला, वर डबे तरंगते, अन् दोराले हातहातभर अंतरावर कोंबडीची आतडी बांधलेली. गळ नाई, काटा नाई. खेकडा लोभी असते, आतडी धरली का सोडत नाई. डोंग्यातून दोर हळू हळू वर घ्यायचा अन् खेकडा पाण्याच्या वर यायच्या आधी खालून जाळी लावायची. दोर रोज वर येते, गोटा हंगामभर तळाशी राह्यते. ज्याचा गोटा बसला त्याची जागा. गोटा निसटला, दोर वाहून गेला, तं जागा मोकळी. मंग जो पह्यले गोटा टाकंन त्याची.

प्रणितच्या घरचे गोटे त्याच्या बापाच्या आज्यानं कोरले होते. उन्हाळ्यात काठावर पालथे घालून ठेवले होते. रेतीवाल्यायचं पोकलेन आलं अन् रेतीसंग तेही उचलून घेऊन गेलं. अजयची जागा खालच्या अंगाले होती. तिथली रेती उपसून उपसून पाणी गढूळ झालं, खेकडा राह्यलाच नाई. म्हून तो वरच्या जागेवर डोळा ठेवून होता. अन् प्रणितच्या घरी या जागेबिगर दुसरं काईच नव्हतं. वावर नाई, मासोळीची बोडी नाई, बाप लटारूचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता.

"आयका," मीराबाई म्हणाली. "बाजाराच्या दिवशी लटारूनं गोटा टाकायचा. एक रात्र जागेवर राह्यला तं जागा लटारूची. नाई राह्यला तं मोकळी. मंग कोणीबी टाका. अन् तू," ती प्रणितले म्हणाली, "तोंड धुवून घे. दुसऱ्याचं रगत गिळू नोको, पचत नाई."

---

लटारू पोराले घेऊन नाल्यावर गेला. नाला डोंगराकडून येते, त्याच्या पोटात गोट्यायचा खच. लटारू वाकून एकेक गोटा उलटवे, हातोडीनं ठोके, कान लावे, सोडून दे.

"आवाज आयक. हा फुटका हाये, आतून. हा आयक, घंटीवानी वाजला. पण याले कंबर नाई."

"कंबर कायले पायजे? नाचवायचा हाये का?"

"दोर बसाले पायजे. कंबर कोरा लागते, कोरली का घासा लागते, बोट फिरवलं तं लोण्यावानी लागलं पायजे. नदीनं चाटलेला गोटा घ्यायचा. पोट चपटं पायजे, नाई तं लोळते. अन् एवढं करून वर सायकलीची ट्यूब गुंडाळायची, मंग दोर."

"अन् हे सारं कवा होईन? पोळ्याले?"

"एका गोट्याले चार-सा दिवस लागते."

"बाजार परवा हाये, बाबा."

"मंग आजपासून लाग ना. बोलून काऊन राह्यला?"

प्रणितनं छन्नी घेतली. दहा ठोके मारले. गोट्याची एक कपची उडाली, बाकी काई झालं नाई. अकराव्या ठोक्याले छन्नी घसरली अन् अंगठ्याचं साल निघालं. त्यानं छन्नी नाल्यात फेकून देली.

"तुमच्यानं होत नाई म्हून माह्यावर काऊन टाकता? हात चालत नाई तं घरी बसा."

लटारूनं डाव्या हातानं त्याच्या कानशिलात देली. चांगला हात नव्हता तरी आवाज नाल्याभर झाला. प्रणितनं बापाची गचांडी धरली, बापाले गोट्यावर आदळलं. बापाची पाठ धपकन वाजली. दोघंही थांबले. लटारू उठला, नाल्यात उतरला, छन्नी चापसून काढली, धोतराले पुसली अन् तोच गोटा मांडीपुढं घेऊन ठोकाले बसला. पोराकडं पाह्यलं नाई.

"बसा ठोकत," प्रणित म्हणाला, अन् सडकेकडं निघाला.

सडकेनं दिवसरात्र सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीचे ट्रक जाऊन राह्यले होते. पुलाच्या अलीकडं मोठा खड्डा होता. तिथी ट्रक उसळे अन् ताडपत्रीखालून एखादा लाल गोटा सडकेवर पडे. प्रणितनं ते कितीदा पाह्यलं होतं. दिसाले नारळाएवढा, उचलाले गेलं तं कंबर मोडते. लोखंडच ते. त्याच्या डोक्यात एकच बसलं होतं: नदीचा गोटा हालते, लोखंड काऊन हालंन?

तिथी तो सायकलीवर पोतं घेऊन उभा राह्यला. दोन लहान तुकडे भेटले, तिसरा चांगला मोठा भेटला, मंधात आपसूकच खोलगट, जशी काई कंबर. तो पोत्यात घालतच होता तं मांगून ट्रक थांबला अन् क्लीनर खाली उतरला, हातात चाक खोलाची लोखंडी टामी.

"ए, माल किधर ले जा रहा?"

"सडकेवर पडला होता. सडक का तुह्या बापाची हाये?"

क्लीनरनं टामी पाठीवर हाणली. प्रणित सायकलीसगट पडला. दुसरी टामी यायच्या आधी त्यानं लहान लाल तुकडा उचलून क्लीनरच्या गुडघ्यावर मारला. असा आवाज आला जसा वाळला फाटा मोडावा. क्लीनर बसला. ड्रायवर शिव्या देत उतरून राह्यला, मांगच्या ट्रकायचे भोंगे, अन् हा पोतं मांडीवर घेऊन, एका हातानं हँडल धरून शेतातल्या पाऊलवाटेनं घुसला. पाठ फाटली होती, तरी तो हसून राह्यला होता.

---

घरी त्यानं तेलाचा पाच लिटरचा डबा कापला. त्यात लहान तुकडा घातला, शेजाऱ्याच्या घरकुलाचं उरलेलं सिमेट कालवून ओतलं, वर दोर बांधाले सळाखीचा वाकवलेला कडा खोवला. एक गोटा झाला. दुसऱ्याले सिमेट पुरलं नाई.

"पुरलं नाई तं नाई. याले तं देवानंच कंबर देली हाये," तो म्हणाला, अन् मोठा लाल गोटा ओसरीत ठेवला.

त्याची आई वच्छला धान कापून आली होती. तिनं गोटा पायानं ढकलून पाह्यला, हालला नाई.

"जड तं हाये," ती म्हणाली. "पण याले पाहून मले कसंतरीच होते. रगत वाळल्यावानी."

सांजच्याले लटारू नाल्यावरून आला. अंगभर गोट्याची भुकटी. त्यानं लाल गोट्याच्या खोलगट जागेतून बोट फिरवलं. मंग ते बोट पोरापुढं धरलं. बोटाले चीर पडली होती, रगताचा थेंब हळू हळू मोठा होऊन राह्यला होता.

"तुमचं बोट नरम झालं," प्रणित म्हणाला.

"दोर का बोटाहून कडक हाये?"

"नायलॉनचा हाये, बाबा. ट्रॅक्टर ओढते त्यानं."

"ट्यूब तरी गुंडाळ."

"गुंडाळतो ना. तुमी झोपा."

ट्यूब शोधाले तो उठला होता. तेवढ्यात बाहेरून अजय कोणासंग तरी जात होता अन् आवाज आला, "लटारूभाऊ, ट्रकातला माल बसवून राह्यले म्हणे. रॉयल्टी भरली का?" प्रणित बाहेर पळाला, अंगणातला लहान गोटा फेकून मारला, अजयच्या पाठीमांगच्या कुडाले लागला. शिव्या झाल्या. परत आला तवा ट्यूबचं डोक्यातून गेलं होतं. त्यानं दोर तसाच गच्च आवळला, तीन वेढे, दोन गाठी, वरून लाथ मारून पाह्यली.

बाजाराच्या दिवशी दुपारी त्यानं दोन्ही गोटे डोहात सोडले. मीराबाई काठावर होती, अजय होता, सारे होते. सिमेटाचा गेला, डबा उभा राह्यला. लाल गोटा डोंग्यावरून ढकलला तं पाणी छातीएवढं उडालं अन् डोंगा उलटता उलटता राह्यला. डबा वर आला, थरथरला, थांबला. प्रणितनं अजयकडं पाह्यलं.

"आता हालव," तो म्हणाला.

"मी काऊन हालवू?" अजय म्हणाला. "नदी हाये ना."

---

सकाळी प्रणित बापाच्या आधीच घाटावर पळाला. धुकं पाण्यावर होतं, तरी त्याले वळणावरूनच दिसलं. सिमेटाचा डबा जागेवर. दुसरा डबा खाली, लव्हाळ्यात अडकला होता. सारा दोर आतड्यासगट एका अंगाले वाहून गेला होता.

अन् डोहाच्या कडेले, खडकापाशी, अजय डोंगा घेऊन उभा. डोंग्याच्या तोंडावर त्याचा स्वतःचा गोटा, काळा, गुळगुळीत. अजून टाकला नव्हता. काठावर चार-पाच लोकं, मीराबाई, अन् मांगून येऊन राह्यला तो लटारू, खांद्यावर काईतरी घेऊन. प्रणितनं बापाकडं वळूनही पाह्यलं नाई.

तो कपड्यासगट पाण्यात शिरला. खडकावर पाणी छातीएवढंच होतं. लव्हाळ्यातून दोराचं मोकळं टोक ओढलं अन् हातात घेऊन डोंग्याकडं चालत गेला.

"कापला तू," तो म्हणाला.

"कापाले मी का रिकामा हाये?" अजयनं डोंगा स्थिर कराले खडकाले हात टेकला, दुसरा हात डोंग्याच्या काठावर. "जागा मोकळी झाली, मी आलो. मीराबाईले इचार, मी आत्ता घरून उठून आलो."

"कापला तू, अन् डबा खाली नेऊन अडकवला."

"अबे, आधी दोर तं पाह्य. डोळे तं लय तेज म्हणते लोकं तुहे."

प्रणितनं पाह्यलं.

सुरी लागली असती तं टोक सरळ असतं. हे तसं नव्हतं. दोराचं टोक दाढीच्या ब्रशावानी फुललं होतं, एकेक धागा येगळा, कोणता लांब, कोणता आखूड, अन् धाग्या-धाग्यात लाल भुकटी भरली होती. रातभर पाण्यानं दोर ओढला, गोटा हालला नाई, त्याच्या कडेनं दोर करवतला. सारं त्याले एका नजरेत दिसलं. बापाचं बोटही दिसलं.

"दिसलं का?" अजय म्हणाला. "का चष्मा देऊ?"

काठावर लोकं हसले.

प्रणितनं डोंग्याच्या तोंडावरचा काळा गोटा दोन्ही हातानं उचलला अन् अजयच्या काठावरच्या हातावर घातला.

ओला बांबू चेचावा तसा आवाज आला. अजय वरडला नाई. त्यानं हाताकडं पाह्यलं, जसा कोणा दुसऱ्याचा हाये. बोटं काठाले चिकटून सपाट झाले होते, पाण्यात लाल धार लागली. मंग तो वरडला. प्रणितनं गोटा पुन्यांदा उचलला. यावेळी डोकं दिसून राह्यलं होतं. तेवढ्यात मांगून कोणी तरी गळ्यात हात घातला, अन् दोघं पाण्यात गेले. पाण्याखाली त्यानं लाथा झाडल्या, कोपर मारलं, कोणाचा तरी ओठ फुटला. वर आला तं तो लटारू होता. चालत नव्हता तो हात पोराच्या गळ्यात, चालत होता तो डोंग्याले.

"बस," लटारू म्हणाला. तोंडातून रगत येऊन राह्यलं होतं. "बस झालं."

---

अजयले ऑटोत घालून गडचिरोलीले नेलं. हात गमछ्यात गुंडाळला होता, गमछा घाटावरच भिजून गेला होता. त्याचा मोठा भाऊ प्रफुल मूल गावाले राइस मिलमंधी होता. कोणी तरी फोन लावला. तो मोटरसायकलीवर निघाला, संग मिलचे दोघं.

मीराबाईनं दोराचं टोक रेतीतून उचललं. धागे बोटानं मोकळे केले. बोटं लाल झाले. तिनं ते प्रणितपुढं धरलं.

"हे पाह्यलं होतं तू?"

प्रणितनं ओला शर्ट अंगावरून ओढून काढला.

"मी काठावरून पाह्यलं, तू पाह्यलं ते. मारायच्या आधी पाह्यलं."

"हो."

"मंग?"

"लोकं हसले," प्रणित म्हणाला. बोलल्यावर त्याचं त्यालेच कसंतरी लागलं.

"अजयनं गोटा टाकला नव्हता अजून," मीराबाई म्हणाली. "जागा मोकळी होती. तिकडं पाह्य."

लटारूच्या खांद्यावर होतं ते रेतीत पडलं होतं. नाल्यातला तोच गोटा. चपट्या पोटाचा, मंधात कंबर कोरलेली, घासून घासून गुळगुळीत, कंबरेले सायकलीची ट्यूब गुंडाळून वरून दोर बांधलेला. बाप तीन दिवस तीन रात्री ठोकत बसला होता. पाण्यात शिरताना प्रणितनं बापाले हाक मारली असती, तं अजयच्या आधी बापाचा गोटा डोहात पडला असता.

प्रणित गोट्याजवळ गेला. कंबरेतून बोट फिरवलं. लोण्यावानी लागलं.

लटारूनं त्याच्या हाताखालून गोटा ओढून घेतला. पोराले मदत मांगली नाई, हातानं सरकवत डोंग्यात चढवला. अजयचाच डोंगा होता, काठावर रगत होतं तसंच. त्यात अजयचा दोर गुंडाळून पडला होता. लटारूनं आपल्या गोट्याचा दोर सोडला अन् अजयचा दोर त्या गोट्याले बांधला.

"बाबा, काय करून राह्यले?"

"त्याची माय एकटी हाये. पोराचा हात गेला," लटारू म्हणाला. "जागा त्यायची. दोर मी ओढून दीन, जमते तसा."

"अन् आपण काय खाऊ?"

लटारूनं बांबू रेतीत टेकला.

"तू तं इथी राह्यत नाई आता," तो म्हणाला, अन् डोंगा ढकलला.

वच्छला घरून पळत आली होती. हातात पोराचा शर्ट, चप्पल, कागदात बांधलेल्या दोन भाकरी. 

"सडकेनं जाऊ नोको," ती म्हणाली. "प्रफुल्या पुलावरून येते. नाल्या-नाल्यानं जा, जंगलातून आष्टीले निघ. तुह्या मामाकडं जाऊ नोको, तिथीच पह्यले येतीन."

प्रणितनं शर्ट घातला. भाकरी त्याच्या हाती देऊन वच्छलानं त्याचं मनगट धरून ठेवलं. त्याचे डोळे पाण्यावर होते. मंधात लटारू एकट्या हातानं गोटा डोंग्याच्या काठावर लोटून राह्यला होता. एकदा घसरला, पुन्यांदा लोटला. गोटा गेला. आवाज बी जास्त झाला नाई. डबा वर आला, एकदा वळला अन् उभा राह्यला. वरून पाणी जोरानं वाहून राह्यलं होतं, लव्हाळे वाकले होते, पण डबा बोटभर सरकला नाई. प्रणितनं पाह्यलं, लय येळ पाह्यलं.

"बाबा," त्यानं हाक मारली.

लटारू दुसऱ्या टोकाकडं डोंगा वळवून राह्यला होता. त्यानं मान वर केली नाई.

पुलाकडून मोटरसायकलीचा आवाज आला. एक नाई, दोन होत्या.

"आई, सोड," प्रणित म्हणाला. "मले जा लागते आता."